धार काढणाऱ्यांचे गुडघे

फलटणसारख्या तालुक्याच्या गावात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायचा म्हणजे निम्मा दिवस गुडघ्यांतच जातो. आखडलेला खांदा, कंबर, मान, अर्धांगाचे पेशंट हेही असतातच. पण बाहेरच्या बाकावर पन्नाशी ओलांडलेल्या बायकाच जास्त, आणि त्यांच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. इकडे त्याला फोटो म्हणतात. आधी फोटो टेबलावर येतो, मग पेशंट खुर्चीवर. निदानही त्याच सांगून मोकळ्या होतात. "वंगण संपलंय." "गादी झिजली." "हाडावर हाड घासतंय." आणि जिचा चेहरा सगळ्यांत जास्त उतरलेला असतो ती म्हणते, "थर्ड स्टेज सांगितलीय हो."

स्टेज म्हटलं की कॅन्सर आठवतो. तिसरीनंतर चौथी आणि चौथीनंतर काही नाही, असा हिशेब मनात पक्का होऊन बसलेला असतो. गुडघ्याच्या झिजेची शून्य ते चार अशी प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडली आणि जगभर अजून तीच वापरतात. पण ती प्रत लागते हाडांमधल्या फटीवरून आणि कडेला वाढलेल्या हाडावरून. दुखणं फोटोत येत नाही. तिसरी-चौथी प्रत असून बिनतक्रार हिंडणारी माणसं असतात, आणि जवळजवळ स्वच्छ फोटो असून जिन्याच्या दोन पायऱ्यांना घाबरणारीही असतात. म्हणून मी फोटो बघते आणि बाजूला ठेवते. पेशंटला ते फारसं आवडत नाही. पैसे मोजून काढलेला असतो.

याचा पुरावा बघायला मला लांब जावं लागत नाही. आषाढीच्या आधी माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते आणि विमानतळाच्या माळावर तळ पडतो. तेव्हाच्या सेवा शिबिरात बसलं की सत्तरीचे वारकरी समोर येतात. गुडघे बाहेर फाकलेले, हलवून बघितले तर करकर वाजणारे. कुठं दुखतंय विचारलं तर ते टाचेची भेग दाखवतात, नाहीतर अंगठ्याचा फोड. गुडघ्याबद्दल मुद्दाम विचारलं तर म्हणतात, "तो हाय आपला तसाच." यावरून वारीनं गुडघे बरे होतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्यांचे गुडघे चालूच देत नाहीत ते वारीला आलेलेच नसतात. ते घरी असतात, आणि पालखी पुढं गेली की माझ्याकडे येतात. पण एवढं मात्र वारी दाखवून देते की झिजलेला गुडघा आणि थांबलेला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, जिला सगळे गादी म्हणतात, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला जे काही मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि त्यासाठी तिच्यावर दाब यावा लागतो आणि सुटावा लागतो. भिजलेलं घोंगडं दाबलं की पाणी सोडतं आणि हात काढला की पुन्हा पितं, तसं. कूर्चेत नसाही नाहीत, म्हणजे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, आजूबाजूचे बंध. आणि या सगळ्याला सांभाळणारा जो गडी, मांडीचा पुढचा स्नायू, तो या दुखण्यात सगळ्यांत आधी हात टेकतो. सांध्यात थोडं जरी पाणी धरलं तरी मेंदू त्या स्नायूला जोर लावू देत नाही. जोर लागत नाही म्हणून तो वाळतो, वाळला म्हणून प्रत्येक पावलाचा हिसका सांध्यावर जातो, म्हणून आणखी दुखतं. "आराम करा" हा सल्ला ऐकून जी बाई चार महिने खाटेवर बसते तिचा गुडघा वाचत नाही. मांडी मात्र जाते.

एवढं समजावलं की साधारण माना हलतात. मग खरा प्रश्न येतो.

"मॅडम, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत मी टेकत नाही. आता तुमचा व्यायाम आणिक कुठं करू?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. शहरातल्या बैठ्या माणसासाठी लिहिलेला सगळा उपदेश इथं येऊन अडतो. विडणी, गुणवरे, साखरवाडी या पट्ट्यातल्या बाईचा दिवस गोठ्यात सुरू होतो. शेण काढायचं, वैरण टाकायची, दोन गाईंच्या धारा काढायच्या, डेअरीला दूध जायच्या आत कॅन भरायचा. मग भाकरी. मग उसात नाहीतर भुईमुगात भांगलायला. हातात खुरपं घेऊन उकिडवं बसायचं आणि बसल्याबसल्याच एकेक पाय पुढं टाकत सरी संपवायची. संध्याकाळी डोक्यावर गवताचा भारा, पुन्हा धार, पुन्हा भाकरी. हिला व्यायाम करा म्हणायचं कुठल्या तोंडानं?

पण हीच बाई माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवा, दोन्ही हात छातीशी घ्यायला सांगा आणि म्हणा, आता उठा. ती पुढं झुकते, हसते, परत मागं टेकते. दुसऱ्यांदा झुकते आणि हात आपोआप मांडीवर जातो. "हात नको मावशी." मग तिच्याही ध्यानात येतं की हात न लावता आपण कित्येक दिवसांत उठलेलोच नाही. शेतात मांडीवर हात टेकून, घरात भिंतीला धरून, गोठ्यात गाईच्या पाठीवर भार देऊन. दिवसभर राबणाऱ्या बाईच्या मांडीत खुर्चीतून उठण्याएवढी ताकद उरलेली नाही, हे तिलाही खरं वाटत नाही आणि सोबत आलेल्या पोरालाही.

कारण साधं आहे. उकिडवं बसलं की मांडी पोटरीवर टेकते. स्नायूला फारसं काम उरत नाही, आणि सांधा मात्र तासन्‌तास एकाच टोकाला दुमडलेला राहतो. उकिडवं बसून किंवा गुडघे टेकून करायच्या कामांत गुडघ्याची झीज जास्त आढळते, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. शिवाय काम गुडघ्याचं ऐकत नाही. दुखलं म्हणून अर्ध्या सरीत खुरपं टाकता येत नाही, रोज बुडतो. गाय अर्धी पिळून सोडता येत नाही. व्यायामात नेमकं उलटं असतं. किती करायचं ते आपण ठरवतो, दुखलं तर तिथंच थांबतो, झेपलं तर पुढच्या आठवड्यात थोडं वाढवतो, आणि मध्ये एक दिवस स्नायूला सावरायला देतो. दुखणाऱ्या गुडघ्याला हे चारही लागतात आणि राबण्यात त्यातलं एकही नसतं. मी हे असंच सांगते, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ते पुस्तक वाचलेल्या माणसापेक्षा लवकर कळतं.

सुरुवात फार छोटी असते. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली, पाय लांब, आणि गुडघ्यानं गुंडाळी खाली दाबायची. मी वाटीच्या आतल्या बाजूला वरती बोटं ठेवते. चांगल्या पायात तिथं स्नायू टणक होऊन वर येतो. दुखऱ्या पायात बोटाखाली मऊच लागतं, आणि बाई मात्र जीव खाऊन जोर लावत असते. दात आवळलेले, श्वास रोखलेला, जोर सगळा खांद्यात. श्वास रोखला की रक्तदाब चढतो, म्हणून मोठ्यानं आकडे म्हणायला लावते. आकड्यांत गडबड होते. मग "रामकृष्णहरी" म्हणा म्हटलं की बरोबर जमतं. सावकाश पाच वेळा म्हणेपर्यंत दाबून धरायचं, मग सोडायचं. माझ्या दवाखान्यात दुपारी बाहेरून कुणी ऐकलं तर भजनी मंडळ बसलंय असं वाटावं.

दुसरी अडचण पुस्तकात नसते. सरळ पाय वर उचलण्याचा व्यायाम सगळीकडे शिकवतात, पण साडीत पाय वर करायला बाई लाजते, घरात सासरे समोरच्या खाटेवर असतात, आणि दार लावून घ्यावं तर "काय चाललंय आत?" पडद्याआड माझ्यासमोर ती करते, घरी करत नाही, आणि पुढच्या वेळी "करते की" म्हणून सांगते. म्हणून उठबस, पायरी, भिंतीला धरून टाचा उचलणं, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं, असेच व्यायाम निवडते जे चारचौघांत करता येतील. छापील कागदही देत नाही. नातवाच्या मोबाइलवर तिचाच व्हिडिओ काढून देते. तिची साडी, तिची खुर्ची, मागून माझा आवाज. तो ती शेजारणीलाही दाखवते.

तिसरी गोष्ट भीतीची. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतात आणि निरोप येतो, "वाढलं म्हणून बंद केलं." दुखलं म्हणजे आणखी झिजलं, हे गणित डोक्यातून काढायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. जगभर फिजिओथेरपिस्ट जो नियम वापरतात तो असा: व्यायाम करताना दहापैकी पाचापर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं. आलं नाही तर कमी करा, बंद करू नका. आमच्याकडे दहापैकी किती हे कुणाला सांगता येत नाही. आण्यांत मात्र अचूक सांगतात. "सहा आणे दुखलं, सकाळी दोन आण्यावर आलं." आणे बंद होऊन किती काळ लोटला, पण दुखणं अजून त्याच चलनात मोजलं जातं, आणि माझंही त्यावर भागतं. आठ आण्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढं सांगितलं की पुरे.

बरडकडच्या एक मावशी मला यात नेहमी आठवतात. दोन जर्सी गाई, साठीच्या आसपासचं वय, दोन्ही गुडघे. मुलानं ऑपरेशनची चौकशी करून ठेवलेली, आणि मावशींची एकच अट: पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते त्या दिवशी फलटणपासून बरडपर्यंत चालत जायचं, मग काय करायचं ते करा. दिवाळी नुकतीच सरली होती, म्हणजे हातात वेळ होता. त्यांना खुर्चीतून हात न लावता उठताच येईना. मग खुर्चीत वाकळेच्या जाड घड्या घालून बैठक उंच केली. उंचावरून उठायला कमी जोर लागतो. तेवढ्या उंचीवरून दहा वेळा, थोडा दम खाऊन पुन्हा दहा, एक दिवसाआड. ते सोपं झालं की वाकळेची एक घडी कमी. वजनं नाहीत, रबरी पट्टे नाहीत. वाकळ किती राहिली यावर प्रगती कळायची. मावशी फोनवर सांगायच्या, "एकच घडी हाय आता."

पहिला पंधरवडा काही फरक नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण स्नायूत खरी ताकद यायला सहा-आठ आठवडे तरी लागतात आणि आपल्याकडची श्रद्धा साधारण दहा दिवसांची असते. कठीण गेलं ते धारेचं. उकिडवं बसून धार काढणं सोडा, बुटक्या स्टुलावर बसा, म्हटलं तर गाय बिथरते, बादली मांडीत धरता येत नाही, अशी तक्रार. ती खोटीही नव्हती. शेवटी मालकांनी सुताराकडून वीतभर उंचीचा पाट करून आणला आणि चार दिवस गाय त्याच्याकडे बघत राहिली, नंतर तिनं नाद सोडला. उकिडवं आणि त्या पाटावर बसणं यात उंचीचा फरक थोडा दिसतो. गुडघ्याला तो पुष्कळ असतो. फेब्रुवारीपर्यंत वाकळ संपली. मग गोठ्याच्या पायरीवर चढ-उतार, मग तीच पायरी हातात पाण्याची बादली घेऊन. चालणं चैत्रापासून, कालव्याच्या कडेनं, थोडं थोडं वाढवत.

आषाढात त्या पिंप्रदपर्यंत चालल्या आणि पुढं टेम्पोत बसल्या. मला थोडी हुरहुर वाटली, त्यांना अजिबात नाही. "बारा आणे झालं," म्हणाल्या. फोटो पुन्हा काढला असता तर तो होता तसाच आला असता. ऑपरेशनचा विषय त्यांनी लांबवला, रद्द केला नाही.

मी बारा आण्यांची गोष्ट सांगतेय म्हणून कुणी सोळा आण्यांची आशा धरू नये. १९९७ साली अमेरिकेत साठीच्या वरच्या ४३९ लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना चालण्याचा व्यायाम, काहींना वजनं उचलण्याचा, काहींना नुसती आरोग्यशिक्षणाची व्याख्यानं, असं दीड वर्ष चाललं. व्यायामाच्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, हालचाल सुधारली, पण माफकच. त्यानंतर कितीतरी अभ्यास झाले, सूर साधारण तोच: फायदा आहे, मध्यम आहे, आणि व्यायाम सोडला की ओसरतो. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. रोज गोळी खाऊन मिळणारा आरामही माफकच असतो, आणि गोळी पोटाचा आणि मूत्रपिंडाचा हिशेब नंतर मागते. मेडिकलमधून दुखण्याची गोळी पाकिटानं नेणाऱ्या आणि भांगलायला जाताना एक तोंडात टाकणाऱ्या बायका मी रोज बघते.

गुडघ्यातल्या इंजेक्शनाचंही तसंच. स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर गुण देतं, हे खरं. पण १५६ पेशंटांवरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन तुलनेत वर्ष संपताना फिजिओथेरपीचा गट इंजेक्शनच्या गटापेक्षा बऱ्या स्थितीत होता. दुर्बिणीतून गुडघा धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया तर एकेकाळी सर्रास व्हायची. २००२ साली अमेरिकेत १८० जणांवर तिची परीक्षा झाली. काहींना नुसते वरवर चिरे देऊन टाके घातले, आत काही केलंच नाही. दोन्हीकडे फरक सारखाच. हे वाचलं तेव्हा मला आमच्या धंद्यातल्या यंत्रांची आठवण झाली.

कारण आमचंही घर काचेचंच आहे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या बाईला "शेक" आणि "करंट" हवा असतो. लाल दिव्याखाली झोपायचं, पट्ट्या लावून घ्यायच्या, मुंग्या आल्या की बरं वाटतं, दहा दिवसांचा कोर्स, पैसे रोजचे. त्यानं तात्पुरता आराम पडतो आणि मी तो देतेही. सुरुवातीला दुखणं थोडं बसलं की व्यायाम सुरू करणं सोपं जातं. पण शेकानं मांडीत ताकद येत नाही. अडचण अशी की मशीनचे पैसे द्यायला पेशंट तयार असतो, अर्धा तास शेजारी बसून उठबस शिकवली तर त्याला वाटतं, बाईंनी काही केलंच नाही. "नुसता व्यायामच सांगितला" हे वाक्य मी बाहेरच्या बाकावरून ऐकलंय. दवाखाना चालवायचा तर मशीन ठेवावं लागतं, आणि ज्यांच्याकडे फक्त मशीन आहे त्यांच्याकडे गर्दीही जास्त असते.

तेलाशी मात्र मी भांडत नाही. निर्गुंडीचं तेल चोळून गादी भरून येत नाही, पण रात्री कुणीतरी पाय चोळून देतंय यात बाईला जे मिळतं ते काढून घेणारी मी कोण?

वजनाबद्दल बोलायला मला अवघड जातं. एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असं मोजून दाखवलेलं आहे, आणि व्यायामाला आहाराची जोड मिळाली तर गुण जास्त येतो हेही. बाजारपेठेतल्या, दुकानात बसणाऱ्या काकूंना हे मी सरळ सांगते, आणि उपवासाच्या साबुदाण्याचाही विषय काढते. पण भांगलून आलेल्या, हाडं दिसणाऱ्या बाईला कुणीतरी सवयीनं "वजन कमी करा" सांगून पाठवलेलं असतं, तेव्हा राग येतो. तिला वजन कमी करायचं नसतं. तिच्या भाकरीसोबत डाळ, अंडं, जे खात असेल ते वाढवायचं असतं. ज्या घरातलं सगळं दूध डेअरीला जातं त्या घरातल्या बाईनं सकाळचं एक वाटी दूध स्वतःसाठी काढून ठेवावं, इतकं साधं सांगणंसुद्धा घरात चर्चेचा विषय होतो.

पुरुष कमी येतात आणि आले की सांगतात, "मी रोज पहाटे चालतो." निवृत्त शिक्षक, पतसंस्थेचे माजी व्यवस्थापक, पांढरे बूट. चालणं उत्तमच आहे. पण चालण्यानं मांडीला उठण्या-बसण्याची ताकद येत नाही, आणि सपाट रस्त्यावर रोज चालणारे हे गुरुजी जिना उतरताना कठडा घट्ट धरतात. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साडेतीनपट भार येतो. त्यासाठी पायरीवरच सराव करावा लागतो. दुखत्या गुडघ्याच्या उलट्या हातात काठी धरली तर भार कमी होतो, हेही सांगते. बहुतेकजण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि निम्मे तर "म्हातारा दिसतो" म्हणून घेतच नाहीत.

ज्यांना गुण येत नाही असेही आहेत, आणि त्यांना व्यायामात अडकवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. पाय पार वाकडा झालाय, रात्री झोप नाही, नेमानं तीन-चार महिने व्यायाम करूनही संडासला जायची भीती वाटते, अशांनी ऑपरेशन करून घ्यावं. वाजपेयींनी २००० आणि २००१ साली मुंबईत दोन्ही गुडघे बदलून घेतले होते, हे अजून लोकांच्या लक्षात आहे, "पंतप्रधानांनी केलं, मग मी का नको?" असं एक आजोबा म्हणाले होते. ऑगस्ट २०१७मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून ते थोडं आवाक्यातही आलं. पण घाई कशाला? २०१५ साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात ऑपरेशनला पात्र ठरलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांना आधी तीन महिने व्यायाम, आहार, माहिती असे बिनऑपरेशनचे उपचारच दिले. ऑपरेशन झालेल्यांना गुण जास्त आला, हे खरंच. तरी या ५० जणांपैकी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं फक्त १३ जणांनी. बाकीच्यांना तेवढ्यावर भागवता आलं. आणि शेवटी ऑपरेशन करायचंच ठरलं तरी मांडी मजबूत असलेला पेशंट नंतर लवकर उभा राहतो. तोच व्यायाम पुढंही करायचा असतो. त्यामुळं फुकट काही जात नाही.

हे वाचून कुणी आजच सुरू करणार असेल तर एवढं बघा. गुडघा लाल होऊन गरम लागत असेल, ताप असेल, एकाएकी टम्म सुजला असेल, मध्येच अडकून बसत असेल, पडल्यावर दुखायला लागला असेल, किंवा सकाळी तासतासभर सगळे सांधे आखडत असतील, तर तो साधा झिजेचा गुडघा नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांना खुर्ची आणि दोन घड्या घातलेली वाकळ सुरुवातीला पुरते.

आणि हे वाचणारे बहुधा त्या बायका नसतील. त्यांची मुलं, सुना, जावई असतील. तुम्ही आईसाठी दर सणाला नी-कॅप आणता, जाहिरातीतलं तेल आणता, पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेता. त्याआधी एक करा. एक दिवसाआड संध्याकाळची वीस मिनिटं तिला मोकळी करून द्या, आणि त्या वेळेची धार तुम्ही काढा. येत नसेल तर शिकून घ्या, ती शिकवेल.